शहात्तर दिवस

निळ्या टँगच्या अंगावर रवा सांडल्यासारखे ठिपके.
काचेला नाक लावून मी एकवीसपर्यंत मोजले.
मग तो वळला,
दुसऱ्या बाजूचे मोजायची छाती झाली नाही.

डॉक्टर उकिडवे म्हणाल्या, "परवा तर काहीच नव्हतं."
त्याची रीतच आहे ती, मॅडम.
चार दिवस अंगावर जेवतो, आपणहून गळून पडतो.
आपल्याला वाटतं, उतार पडला.
तो खाली वाळूत कवच ओढून निजलेला,
आणि एकाचे दोनशे होऊन उठतो
दिवे मालवल्यावर, मासे दगडांच्या कपारीत झोपलेले असताना.

कर्वे रोडवरचा दातांचा दवाखाना.
दाढदुखीवाले गाल धरून बसतात, समुद्राकडे बघतात.
समुद्र घाट चढून येत नाही, चढवावा लागतो:
आरओचं पाणी, बादलीभर मीठ,
रात्रभर पंपाने ढवळलेलं.
एवढं करून आणलेल्या समुद्रात
हा फुकटचा पाहुणा कुठल्या शिंपल्याला चिकटून आला
देव जाणे. की मीच आणला, ओल्या जाळीतून.

सगळे दगड काढले तेव्हा नऊ मासे हाती लागले.
साडेतीन तास.
अ‍ॅक्टिव्हावर दोन पायांमध्ये बादली,
झेड ब्रिजच्या वळणावर
मीठपाणी चपलेत.

तांबट आळीत आमच्या मागच्या खोलीत निळा टब.
लपायला प्लंबिंगच्या पाइपाचे तुकडे, बाकी काही नाही.
अण्णांचे कान आळीने खाल्लेत,
पन्नास वर्षांच्या ठोक्यांनी.
मी ओरडून सांगतो, पाण्यात तांबं टाकतोय!
"किती?"
लिटरला अडीच मिलिग्रॅम!
हसतात. "एवढं तर माझ्या नखात सापडेल."
मग बोट बुडवून जिभेला लावतात.
"बिनकल्हईचं? कळकेल की रे पाणी."

कळकायलाच हवंय, अण्णा.
माशाला सोसेल इतकं,
किड्याला सोसणार नाही इतकं.
मधली जागा केसाएवढी.

यावर ते मान डोलावतात.
एक ठोका कमी पडला तर घागरीचा गळा बसत नाही,
एक जास्त पडला तर पत्रा फाटतो.
सकाळ-संध्याकाळ मी नळीत थेंब टाकून
रंग बघतो, ते माझ्याकडे बघतात.

पाचव्या दिवशी चिंगी गेली.
नारिंगी, सगळ्यांत लहान, कल्ले आधीच भरलेले.
नाव रिसेप्शनवरच्या वैजयंतीने ठेवलं होतं.
फोनवर सांगितलं तर म्हणाली, "हं."
जरा वेळाने, दुसऱ्या कुणाला तरी, "या, आत या."

दवाखान्यातली टाकी चालू आहे.
दिवे लागतात, लाट फिरते, प्रवाळ उमलतं,
दोन झिंगे, एक गोगलगाय. मासा एकही नाही.
तांबं तिथे टाकता येत नाही, झिंगे मरतील.
तिथे फक्त रिकामं ठेवायचं.
किडा कवच फोडून बाहेर येतो,
दिवसभर पोहत एखादं अंग शोधतो,
अंग नाही.
शहात्तर दिवस हेच औषध.

एक मुलगा आईला विचारत होता, मासे कुठे गेले?
"आजारी आहेत."
"मग इथे डॉक्टर आहेत ना?"
आई कॅल्शियमच्या जाहिरातीकडे बघू लागली.
तो मात्र काचेपाशी उभा राहिला,
नंबर लागेपर्यंत,
एकटक, गोगलगायीवर.

मॅडमचा आज फोन: ठिपके तर गेले ना,
सोडूया का आता? लोक विचारतात.
मी नाही म्हणालो. जरा जास्तच जोरात,
घरात ओरडून बोलायची सवय.

मागच्या खोलीत अण्णा टबच्या कडेवर
बोटाच्या पेराने ठोकतायत. टक. टक.
त्यांना तो आवाज येत नाही.
आठही मासे पाइपांतून बाहेर येऊन
त्यांच्या बोटाखाली जमलेत,
टँग सर्वांत पुढे, गुळगुळीत, हावरा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक्केचाळिसावी फुली.
पस्तीस राहिल्या.